वाकड्या कमरेच्या तीन गिटारी : प्रकल्प नोंदी

१६ मार्च

ताईनं मानेवाड्याहून फोन करून काम सोपवलं. अकरा वर्षांच्या भाचीला इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे, बजेट २५ हजार. अ‍ॅम्प माझ्याकडचा जुना देता येईल. "तू लॅबमध्ये दिवसभर मोजमापंच करतेस ना, मग ही पण मोजूनच घे." मागून भाचीनं ओरडून अट घातली, "मावशी, ती वाकडीवाली!"

वाकडीवाली म्हणजे ऑफसेट. कुणाच्या तरी मोबाइलवर तिनं निळी जाझमास्टर पाहिली आहे. नेहमीच्या गिटारीची कंबर दोन्ही बाजूंनी समोरासमोर आत गेलेली असते. ऑफसेटमध्ये एका बाजूचा खळगा वर, दुसऱ्या बाजूचा खाली, त्यामुळे अख्खं अंग तिरकं सरकल्यासारखं दिसतं. फेंडर या अमेरिकी कंपनीनं १९५८ साली पहिली जाझमास्टर काढली ती बसून वाजवणाऱ्यांसाठी. जाझवाले खुर्चीत बसतात, तेव्हा गिटार मांडीवर नीट टेकावी. पण जाझवाल्यांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. घेतली कॅलिफोर्नियातल्या सर्फ बँडच्या पोरांनी. मग १९६२ला जॅग्वार आली आणि १९६४ला मस्टँग, ती तर सरळ विद्यार्थ्यांसाठीच.

लिहून ठेवलेलं बरं: पंधरा वर्षं मी एका स्ट्रॅटच्या (फेंडरच्याच स्ट्रॅटोकास्टरच्या) नकलेवर काढली आहेत आणि जाझमास्टर मलाही हवी आहे. म्हणजे परीक्षक निःपक्षपाती नाही.

२२ मार्च

नागपूरच्या बाजारात, बर्डीवर फिरले. तीन दुकानांत मिळून ऑफसेट एक, तीही वरच्या खुंटीला टांगलेली, अंगावर धूळ. स्क्वायर (फेंडरचाच स्वस्तातला ब्रँड) सॉनिक मस्टँग. दुकानातले काका शिडी लावायला नाखूश. "ताई, हे वाकडं मॉडेल इथं चालत नाही. लोकं स्ट्रॅट मागतात, नाहीतर सरळ ती टोकदार मेटलवाली." मग शिडी लावलीच, वर स्वतःच्या रुमालानं पुसूनही दिली. दहा मिनिटं वाजवली. तारा गंजलेल्या, सूर लागेना, पण हातात घेतल्या घेतल्या एक गोष्ट कळली: ही लहान आहे. मला खेळण्यासारखी वाटली. म्हणजे भाचीला बरोबर बसेल का? नुसतं वाटून उपयोग नाही, मोजायला हवं.

३० मार्च, पाडवा

ताई म्हणते, मुहूर्त आहे, घेऊन टाक. नाही घेतली. यादी मात्र पक्की झाली.

एक, सॉनिक मस्टँग. काकांनी अनामत ठेवून दोन आठवडे घरी न्यायला दिली. (वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच तारा घेतल्याचं फळ.)
दोन, स्क्वायर अ‍ॅफिनिटी जाझमास्टर. आमच्या बासवाल्याच्या धाकट्या भावाची आहे, कॉलेज संपल्यापासून पलंगाखाली पडून. मस्टँगच्या साधारण दीडपट किमतीची.
तीन, स्क्वायर क्लासिक व्हाइब, साठच्या दशकाच्या धाटणीची जाझमास्टर. पुण्याचा मित्र एप्रिलअखेर घरी येतोय, येताना आणतो म्हणाला. ही बजेटच्या दुपटीहून जास्त, म्हणजे भाचीसाठी नाहीच. पण तुलनेला एक खरी मोजपट्टी लागते. असं मी ताईला सांगितलं.

६ एप्रिल

आज फक्त लांबी मोजली, आणि सगळ्यात जास्त आजच कळलं.

तारेची वाजणारी लांबी, नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (अंगावरचा तारांचा टेकू), मस्टँगवर २४ इंच, जाझमास्टरवर साडेपंचवीस. ऐकायला दीड इंच म्हणजे काहीच नाही. बोटांसाठी मात्र बरंच आहे. नटपासून पहिल्या फ्रेटपर्यंतचं, म्हणजे मानेवरच्या पहिल्या आडव्या धातूपट्टीपर्यंतचं, अंतर जाझमास्टरवर ३६.४ मिलिमीटर, मस्टँगवर ३४.२. पहिल्या चार फ्रेटचा पल्ला, जिथे नवशिक्याची चार बोटं पहिलं वर्षभर अडकून पडतात, तो १३३.६ विरुद्ध १२५.८. जवळजवळ आठ मिलिमीटरचा फरक. भाचीला बोलावून तिचा पंजा वहीवर ठेवून पेन्सिलीनं आखला. अंगठा सोडून चार बोटं ताणली तर मस्टँगचा पल्ला कसाबसा गाठते, जाझमास्टरवर करंगळी अलीकडेच राहते.

दुसरं गणित ताणाचं. तार तीच, सूर तोच, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २४ भागिले २५.५, त्याचा वर्ग ०.८८६. म्हणजे मस्टँगवर सगळ्या तारा अकरा टक्क्यांहून थोड्या जास्त सैल. दहाच्या सेटमधली सगळ्यात बारीक तार (जाडी ०.०१० इंच, म्हणून दहा) जाझमास्टरवर सुमारे ७.३५ किलोचा ताण घेते, मस्टँगवर साडेसहा. बोटाच्या शेंड्यांना हे लगेच कळतं, भाचीनंही न सांगता ओळखलं: "ही कमी चावते."

उलट बाजूही आहे. सैल तार जोरात छेडली की सूर क्षणभर वर जातो आणि मग खाली येतो. भाचीचा हात हलका, तिला फरक पडणार नाही. माझा हात जड आहे. मला मस्टँगवर अकराच्या तारा लावाव्या लागतील.

सुरुवातीच्या मस्टँग साडेबावीस इंचाच्या लांबीतही मिळायच्या, शाळकरी हातांसाठी. तीच आज स्वस्तात कुणी काढली असती तर प्रकल्प इथेच संपला असता.

१३ एप्रिल

अ‍ॅफिनिटी पलंगाखालून निघाली. मानेला बाक. पहिला फ्रेट आणि शेवटचा फ्रेट दाबून धरून सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमधली फट मोजायची, साधारण पाव मिलिमीटर असावी. इथे अर्धा मिलिमीटर. फिलर गेज नव्हतं, म्हणून गल्लीतल्या दुचाकीच्या मेकॅनिककडून आणलं, स्पार्क प्लगची फट मोजायचं. "गिटारीले कायले पायजे हे?" त्यानं विचारलं. सांगितलं, तर स्वतःच घरी आला बघायला.

ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली बाक सावरणारी सळी, पाव फेरा घट्ट केला, रात्रभर ठेवली, सकाळी ०.२८. झालं.

ही गिटार दिसायला जाझमास्टर आहे. पॉप्लरचं अंग, तेही पातळसर, सिरॅमिक चुंबकांचे पिकअप (तारेची थरथर पकडणारी चुंबक-वेटोळी), एक व्हॉल्यूम, एक टोन, तीन जागांचा स्विच. ट्रेमोलो, म्हणजे दांडीनं सूर वाकवायचं यंत्र, मात्र स्ट्रॅटच्या धाटणीचा. खऱ्या जाझमास्टरची जी ओळख, तो तरंगता ट्रेमोलो आणि डुलणारा ब्रिज, तो इथे नाहीच. वरच्या शिंगावरचं, म्हणजे अंगाच्या पुढे आलेल्या टोकावरचं, वेगळं सर्किटही नाही. वाजवायला वाईट नाही, उलट तिघींत सगळ्यात बिनतक्रार हीच असावी. नटच्या खाचांत अप्सराची पेन्सिल फिरवली, दहा वेळा ट्रेमोलो दाबला, सूर जागेवर. पण डोळे मिटून वाजवली तर मला माझी जुनी स्ट्रॅटच हातात असल्यासारखं वाटतं, फक्त आवाज जरा जाड.

स्वस्त ऑफसेट म्हणताना दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, हे आज नीट लक्षात आलं. एक वाकडी कंबर, दुसरं वाकडं यंत्र. स्वस्तातल्या गिटारी कंबर ठेवतात आणि यंत्र काढून टाकतात. मस्टँगचंही तेच. मूळच्या मस्टँगला तिचा स्वतःचा ट्रेमोलो होता, प्रत्येक पिकअपला वेगळा सरकता स्विच होता. सॉनिकवर ब्रिज पक्का बसवलेला, स्विच नेहमीचा. कंपनीला दोष देत नाही. ते यंत्र महाग पडतं आणि नवशिक्याच्या हातात आधी बिघडतं. पण घेताना आपल्याला यातलं काय हवं आहे ते माहीत असावं.

२७ एप्रिल

पुण्याहून क्लासिक व्हाइब आली. संध्याकाळी बँडची तालीम आमच्या गच्चीखालच्या खोलीत, सगळे तिच्यावर तुटून पडले. ड्रमरनं गळ्यात घातली, दोन कॉर्ड वाजवले आणि चेहरा पाडून म्हणाला, "हे तं बंदच पडून गेलं ना!" आवाज खरोखर पाण्याखालून आल्यासारखा. वायर बदलली, अ‍ॅम्प बदलला. मित्र कोपऱ्यात पोहे खात हसत बसलेला.

काही बंद पडलं नव्हतं. वरच्या शिंगावर एक छोटा सरकता स्विच असतो, ड्रमरच्या मनगटानं तो वर ढकलला गेला होता. तो वर गेला की खालची सगळी बटणं बाद. फक्त मानेजवळचा पिकअप चालू राहतो आणि आवाज शिंगावरच्या दोन चाकांच्या ताब्यात जातो. १९५८ सालची कल्पना अशी: तालाच्या वेळी मऊ, गोल आवाज, सोलोच्या वेळी एका झटक्यात उजळ. मुख्य सर्किटला एक मेगओहमचे पोटेन्शिओमीटर (बटणामागचे कमी-जास्त होणारे रोध), स्ट्रॅटला असतात २५० किलोओहमचे. रोध जास्त म्हणून पिकअपवरचा भार कमी, म्हणून वरचे तीव्र सूर गळत नाहीत. तालाच्या सर्किटमध्ये टोनला फक्त ५० किलोओहम, म्हणून तिथे सगळं मऊसूत. हा स्विच कित्येक जण चिकटपट्टी लावून कायमचा बंद करतात. मला उलट त्या दबलेल्या आवाजातच जास्त वेळ वाजवावंसं वाटलं.

पिकअपबद्दल एक. हे चौकोनी पांढरे डबे पाहून लोक पी-९० (गिब्सन कंपनीचा जुना पिकअप) म्हणतात. दिसतं तसंच, पण आत वेगळं आहे. पी-९०मध्ये वेटोळ्याखाली आडव्या चुंबकपट्ट्या असतात. इथे प्रत्येक तारेखाली चुंबकाची कांडी, आणि वेटोळं रुंद, बुटकं, पसरट. त्यामुळे तारेचा जास्त लांबीचा तुकडा ऐकला जातो आणि आवाजाला अंग येतं.

४ मे

तक्रारीचा दिवस.

क्लासिक व्हाइबवर दहाच्या तारा आहेत. जोरात ताल धरला की खालची जाड तार ब्रिजवरच्या खाचेतून टुणकन बाहेर. आठ वेळा वाजवलं, तीनदा उडाली. शिवाय ब्रिजजवळ सतत एक बारीक झिणझिण. सतारीची जवारी मुद्दाम काढतात, ही फुकटची आणि बेसूर.

कारण साधं आहे. या गिटारीत ट्रेमोलो ब्रिजपासून बराच मागे बसतो. तारा ब्रिजवरून जाताना पुरेशा खाली वळत नाहीत, कोन अगदी उथळ, म्हणून तार खाचेत दाबून बसत नाही. मुळात ही गिटार काढली तेव्हा लोक बाराच्या जाड, गुळगुळीत वेष्टनाच्या तारा लावत, त्यांच्या ताणानं सगळं जागच्या जागी राही. आपण त्यावर दहाच्या तारा चढवतो आणि यंत्राला नावं ठेवतो.

याच रचनेची दुसरी बाजू म्हणजे ब्रिजमागची तारांची लांब शेपटी. काही सूर वाजवले की त्या आपोआप झंकारतात, तरफेच्या तारांसारख्या. गिटार गप्प करायची असेल तर हाताचा तळवा मागे टेकवावा लागतो. ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकी बँडांनी, सॉनिक यूथनं विशेषतः, या मागच्या तारा मुद्दाम वाजवल्या. तेव्हा या गिटारी कुणाला नको होत्या, गहाणवट्याच्या दुकानांत स्वस्तात पडलेल्या असत. जॅग्वारचं उत्पादन १९७५ला थांबलं होतं, जाझमास्टरचं १९८०ला. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी त्या घेतल्या, मग त्यांच्यामुळे त्या महाग झाल्या, आणि आता आपण त्यांच्या स्वस्त नकला शोधत बर्डी पालथी घालतोय.

११ मे

लग्नसराईचा उपयोग झाला.

तार उडण्यावर बाजारात महागडे ब्रिज मिळतात, पण सगळ्यात जुना उपाय फुकट आहे. मान काढायची, तिच्या खाचेत, पिकअपकडच्या टोकाला, पातळ पट्टी ठेवायची, मान परत बसवायची. मान किंचित मागे कलते, तारा फ्रेटवर टेकू लागतात, म्हणून ब्रिज वर उचलावा लागतो, आणि ब्रिज वर गेला की तारांचा कोन वाढतो.

पट्टीसाठी लग्नपत्रिका. लॅबच्या व्हर्नियरनं मोजली, ०.२६ मिलिमीटर. दोन थर, म्हणजे अर्धा मिलिमीटर. मानेची खाच साधारण ७५ मिलिमीटर लांब, खाचेच्या तोंडापासून ब्रिज २५७ मिलिमीटरवर. साधं त्रैराशिक: ब्रिजपाशी १.७ मिलिमीटर उंची मिळायला हवी. प्रत्यक्षात दीडच्या वर मिळाली. गणपतीचं चित्र असलेला भाग कापला नाही, आईनं बजावलं होतं.

मित्राला आधी फोन करून विचारलं, कारण गिटार त्याची. "कर, पण स्क्रू हळू." चार स्क्रू सुटले, मान हातात आली, खाचेत कारखान्याचा लाकूडभुसा अजून होता.

निकाल: तोच ताल, तोच हात, वीस वेळा. तार एकदाही उडाली नाही. झिणझिण तीन चतुर्थांश गेली.

नुसत्या टोकाला पट्टी ठेवली की मान आणि अंगात मध्ये पोकळी राहते. काही कारागिरांना हे पटत नाही, ते पूर्ण खाचेएवढी उतरती लाकडी पट्टी घालतात. ते बरोबरच असेल. पण जोडलेली मान ओढून, ठोकून पाहिली, आवाजात मला तरी काही फरक ऐकू आला नाही.

२५ मे

नवतपा सुरू. बाहेर बघवत नाही, दुपारी चारला गच्चीच्या टाकीचं पाणी चहाला चालेल इतकं गरम. गेल्या आठवड्यात खोलीतलं आर्द्रतामापक १६ टक्के दाखवत होतं.

तिन्ही गिटारींच्या मानेवरून बोट फिरवलं. मस्टँगच्या कडेला फ्रेटची टोकं करवतीसारखी लागत होती. लाकूड सुकून आडवं आकसतं, धातू आकसत नाही, म्हणून टोकं बाहेर येतात. अ‍ॅफिनिटीवर थोडी, क्लासिक व्हाइबवर जवळजवळ नाहीत. किमतीतला फरक प्रत्यक्ष बोटाला लागला तो एवढाच, कडा घासण्यातला.

मग माझी चूक. कोरडेपणावर उपाय म्हणून मस्टँगचा स्टँड कूलरच्या समोर ठेवला. (दोन आठवड्यांसाठी आणलेली, काकांनी अजून मागितली नाही.) वाळ्याच्या ओल्या पडद्यातून थेट झोत, आठ दिवस. आर्द्रता ६० झाली, फ्रेटची टोकं खरंच आत गेली, मी खूश. काल तारांना हात लावला तर बोटं तपकिरी. सहाही तारा गंजल्या, ब्रिजचे दोन स्क्रू पण. तारा बदलल्या, स्क्रू लिंबाच्या आकाराच्या मशीन ऑइलच्या डबीतल्या तेलानं सोडवले. आता तिन्ही गिटारी आतल्या खोलीत, कूलरची हवा दारातून वळून येते तिथे. ४० टक्के. तेवढं पुरे.

फ्रेटबोर्ड पुसताना सुचलं म्हणून. तिघींच्याही फ्रेटबोर्डचं लाकूड कागदावर इंडियन लॉरेल लिहिलेलं असतं. २०१७च्या सुरुवातीला शिसवाच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, तेव्हापासून स्वस्त गिटारींवर हे लाकूड दिसू लागलं. २०१९अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली, पण लॉरेल राहिलंच. इतके दिवस मला ते कुठलं तरी परदेशी झाड वाटत होतं. शोधलं तर टर्मिनालिया, म्हणजे आपला ऐन! मगरीच्या पाठीसारख्या सालीचा, पेंच-ताडोबाच्या जंगलात सागाच्या शेजारी उभा असतो तो. भंडारा-गडचिरोलीकडे याच झाडावर टसरचे किडे पाळतात. बाबांना सांगितलं. ते वनखात्यातून निवृत्त. त्यांनी पहिल्यांदाच गिटार हातात घेतली, बोर्डवर नख ओढून पाहिलं आणि म्हणाले, "ऐनाला पाणी लागतं पोरी, तेल लाव." मिनरल ऑइलचे दोन थेंब दिले. एका रात्रीत सगळं पिऊन टाकलं.

१ जून

गुणगुण. तिन्ही गिटारींचे पिकअप एकेरी वेटोळ्याचे, म्हणजे घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण पकडणार. आमच्या जुन्या घरात तर अँटेनाच. आधी घर तपासलं: मागच्या खोलीतल्या सॉकेटची तिसरी पिन कुठेच जोडलेली नव्हती. वायरमननं दुरुस्त केल्यावर निम्मी गुणगुण गेली, गिटारीचा दोष नव्हताच तो. तारांना हात लावला की गुणगुण कमी होते का, हे प्रत्येकीत पाहिलं. होते, म्हणजे ब्रिजची जमिनीची वायर शाबूत आहे.

क्लासिक व्हाइबवर स्विच मधोमध केला, दोन्ही पिकअप चालू, आणि गुणगुण एकदम गप्प. दोन वेटोळी उलट गुंडाळलेली, चुंबकही उलट, म्हणून बाहेरची गुणगुण एकमेकींना खाऊन टाकते आणि तारेचा आवाज उरतो. हे मूळ जाझमास्टरमध्येच होतं. कूलर चालू ठेवून रेकॉर्ड करायचं तर ही एकच जागा.

१५ जून

पहिला पाऊस येऊन गेला. क्लासिक व्हाइबवर अकराच्या तारा चढवल्या. पट्टी आहे तशीच ठेवली. उरलेली झिणझिणही गेली. तरंगता ट्रेमोलो वीस वेळा हलवून सोडला, सूर दोन सेंटच्या (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) आत परत आला. हा ट्रेमोलो स्ट्रॅटसारखा खोल डुबकी मारत नाही, त्याचा पल्लाच लहान. दांडी मुठीत धरून कॉर्ड वाजवत राहायचं, सगळा आवाज हळूहळू लाटेसारखा वाकत राहतो. माय ब्लडी व्हॅलेंटाइन बँडच्या केव्हिन शील्ड्सनं अख्ख्या बँडचा आवाज या सवयीवर उभा केला. मी दीड तास तेच करत बसले. मोजमाप काही घेतलं नाही. अकराच्या तारांची चाचणी पूर्ण, उत्तीर्ण.

२२ जून

भाचीला बोलावून तिन्ही पुढ्यात ठेवल्या, किमती झाकून. बसून वाजवल्यावर तिघी मांडीवर नीट टेकतात, कमरेच्या वाकडेपणाचं श्रेय. उभं राहिल्यावर जाझमास्टरचं अंग तिच्यासाठी थाळीएवढं. साध्या वजनकाट्यावर मस्टँग ३.१ किलो, अ‍ॅफिनिटी ३.४, क्लासिक व्हाइब ३.८. तिनं दोन मिनिटांत मस्टँग उचलली. निळी नाही, हे आधी लक्षात आलंच नाही तिच्या. नंतर आलं, पण तोवर तिनं तिसऱ्या फ्रेटवरचा जी कॉर्ड धरून ठेवला होता आणि सोडायला तयार नव्हती.

अ‍ॅफिनिटी बारा-पंधरा वर्षांच्या, हात वाढलेल्या मुलाला मी डोळे झाकून सुचवेन. स्वतःसाठी घेणार नाही.

काकांना पैसे दिले. त्यांना कूलरची हकिकत सांगितली, गंजलेले स्क्रू दाखवले आणि त्यांचे पैसे धरा म्हटलं. "ताई, वर टांगलेली होती तेव्हाही तिच्या तारा गंजलेल्याच होत्या," म्हणाले, आणि दोन नवे स्क्रू ड्रॉवरमधून काढून दिले.

६ जुलै

आर्द्रता ८१. मस्टँगच्या मानेला पाऊस लागला, बाक पावचा ०.३५ झाला. एक अष्टमांश फेरा. फ्रेटची टोकं मे महिन्यातच बारीक कानशीनं घासली होती, आता तिथे बोट फिरवलं तर काही लागत नाही. भाचीनं बोटांचे शेंडे दाखवले, चारही कडक झालेत. ताईची तक्रार अशी की अभ्यासाच्या वेळीही ती कॉर्डच धरून बसते, गिटार हातात नसतानाही.

मानेची पुढची तपासणी दिवाळीनंतर, हवा सुकायला लागली की.

१३ जुलै

पुण्याहून मित्राचा फोन. गिटार कधी पाठवतेस, कुरिअरवाला सांगून ठेवू का, विचारत होता. सांगितलं, अजून अकराच्या तारांची चाचणी बाकी आहे.